तारा वाजतात तोवर

४ मार्च
आज स्वतःच्या घरात आलो. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि खिडक्यांना मी स्वतः बसवलेल्या काचा. आजवर लोकांच्याच घरांना बसवत आलो. छपरावरून विजेच्या मोठ्या तारा जातात, म्हणून घर स्वस्तात मिळालं. त्या सारख्या गुणगुणत असतात. सासूबाई म्हणाल्या, "जावईबापू, घर घेतलंत की मधमाश्यांचं पोळं?" ही पोट धरून हसली.

१९ मार्च
आल्यापासून हिचे हात गार असतात. भूकही गेली. डॉक्टर म्हणतात, तारांनी असं होत नाही, हृदय मुळातच अशक्त आहे. मला पटत नाही. वीज कार्यालयात रोज खेटे घालतो. लाइन दुसरीकडून न्या म्हणतो. तिथले साहेब मला 'तारवाले' म्हणू लागलेत.

२ एप्रिल
काम झालं! नवी लाइन ओढ्यापलीकडून जाणार. महिनाअखेर छपरावरची कायमची बंद. हिला सांगितलं तर वर छताकडे बघत राहिली. मग म्हणाली, आवाजाची सवय झालीय रे.

११ एप्रिल
आज तारा अचानक थांबल्या. ही चहा गाळत होती, सासूबाईंची नक्कल करत होती. वाक्य अर्धंच राहिलं. डोळे उघडे, श्वास नाही. मी हलवत राहिलो. मग तारा पुन्हा गुणगुणू लागल्या, काचा थरथरल्या, आणि तिने उरलेलं वाक्य पुरं केलं. स्वतःच हसली. विचारलं, रडतोस का?

१६ एप्रिल
तिला माहेरी न्यायला निघालो. तारा मागे पडल्या तशी माझ्या खांद्यावर कोसळली — उचलून परत आणलं. उंबऱ्यात डोळे उघडले. म्हणाली, पहिल्याच रात्री आत काहीतरी थांबलं होतं. तेव्हापासून तारांनी धरून ठेवलंय. "तू घरामुळे इतका खूश होतास. कोणत्या तोंडाने सांगणार होते?"

२४ एप्रिल
साहेबांचे पाय धरले. लाइन राहू द्या. ते हसले नाहीत. म्हणाले, तारवाले, तुमच्यासाठीच तर एवढं केलं.

३० एप्रिल
माणसं खांबापाशी आलीत.
ही खिडकीशी बसलीय, काचेला तळहात लावून. म्हणते, लिहीत राहा, माझ्याकडे बघू नकोस. घर विकू नकोस म्हणते — जेवत जा म्हणते —
एक सांगायचं राहिलंच म्हणते. पहिल्या दिवशी तू ही काच पुसत होतास ना, तेव्हा बाहेरून तुला बघून मी