खिडकीपाशी बसलेल्या आत्या

४ मार्च, मंगळवार
बसल्या एकदाच्या! सासूबाई — आमच्या आत्या — महिनाभर नको नको म्हणत होत्या. आज सुपात बेदाणे घेऊन खिडकीपाशी बसल्या. चित्रात एकही रेघ मारायची नाही, नुसते रंगाचे ठिपके. जवळून ठिपके, लांबून आत्या. असं माझ्या मनात आहे. हाताच्या मनात काय आहे, बघू.

७ मार्च
आत्या बसतात कमी, बोलतात जास्त. हलू नका म्हटलं की हमखास पाठ खाजते. आज तासगावातल्या समस्त सुना एकीमागून एक निवडून झाल्या. मी मधल्या प्रतीत निघाले. बरं म्हणायचं.

१० मार्च
इंद्रजित द्राक्षबागेतून आला, चित्रापुढं उभा राहिला. "ठिपके तर काढलेस. रांगोळी जोडणार कधी?" मामंजींचं निराळंच — "चित्राला गवार आलाय काय गं?" गवार म्हणजे गोवर. बापलेक पोट धरून हसले.
साताऱ्याला चित्रकला शिकून आले ती गोवर काढायला? नवरा आहे म्हणून सोडलं. मग मोरीत जाऊन रडले. घरातल्या एकानं तरी चांगलं म्हणावं, एवढंच वाटतं.

१३ मार्च
म्हटलं! आत्या उठून चित्राजवळ आल्या. नाक टेकवतात की काय, इतक्या जवळ. "लय झ्याक. आपलं घर मला आसंच दिसतंय बघ." वर मामंजींना ऐकवलं — "तुमाला न्हाई कळायचं. तुमी बेदाण्याचा भाव बघा."
या घरात कलेची जाण एकट्या आत्यांना! निवडलेल्या बेदाण्यांत काड्या तशाच होत्या म्हणून मामंजी कुरकुरले. करू देत. रसिक माणसाचं काड्यांकडं लक्ष नसतं.

१८ मार्च
चित्र झालं. सांगलीच्या प्रदर्शनात द्यावं की नाही, धीर होत नव्हता. आत्या म्हणाल्या, "दी की. सोमवारी मी येती संगं." मग काय, ठरलंच.

२० मार्च
इंद्रजितला दोनदा चहा विचारला नाही. आता तो चित्राला 'छान' म्हणतो.

२३ मार्च, रविवार
चित्र कापडात बांधत होते. आत्यांनी दार लोटलं आणि हळूच विचारलं, "संयोगिता, समदी ठिपकं ठिपकं करत्यात. ती कुठं हायत गं?"
मी त्यांचं बोट धरून चित्रावर टेकवलं.
"हितं?"
"इथं. सगळीकडं."
बराच वेळ बघत राहिल्या. "न्हाई बाई. मला समदं एकच दिसतंय. घरात कुणाला सांगू नगं."
इतके दिवस समोर बसून ते डोळे रंगवले मी, आणि मला काही कळलं नाही. लाज वाटली. भीतीही वाटली. उद्या चित्र घरीच राहील. सांगलीला आत्यांना घेऊन डोळ्यांच्या दवाखान्यात जायचं. त्यांना अजून सांगितलेलं नाही. प्रदर्शनाला जायचं म्हणून त्या नवं लुगडं काढून बसल्यात.