खानावळ की टेनिस

सोम. २ डिसेंबर १९४६, जळगाव
कॉलेजला एका शेठजींची देणगी. कमिटीत दोन तट: स्वस्त खानावळ की टेनिस कोर्ट? अर्थशास्त्राचे प्रो. सा. म्हणाले, भांडता कशाला, मुलांनाच विचारू. आणि विचारायचं काम माझ्याकडे! नाना म्हणाले, "मालू, आता तू कलेक्टर." आईला घोर, मुलांशी बोलावं लागणार म्हणून. मला आनंदाने जेवण जाईना.

गुरु. ५
मधल्या सुट्टीत पटांगणात चिठ्ठ्या वाटल्या, तिथल्या तिथे भरून घेतल्या. टेनिस, टेनिस, टेनिस! खानावळवाले बोटांवर मोजण्याइतके. ऐटीत गठ्ठा नेऊन दिला. प्रो. सा. म्हणाले, "निम्मं कॉलेज यात नाही. ते कोण?"
"आळशी असतील, सर."
ते नुसते चष्मा पुसत बसले.

शुक्र. ६
काखेत कळसा आणि गावाला वळसा! आज सुट्टीत घरी जेवायला आले. नाना स्टेशनवर पार्सल क्लार्क, आमचं बिऱ्हाड फलाटालगत. खिडकीतून पाहते तर निम्मं कॉलेज फलाटावर! खेड्यांतल्या मुलांचे डबे अमळनेरच्या पॅसेंजरने येतात, सुट्टीत धावत येऊन घेतात. हे मी रोज बघते. रोज! आणि नेमक्या त्याच वेळी पटांगणात चिठ्ठ्या वाटल्या. माझ्यासारखी शहाणी मीच.
आज गाडी लेट. आमच्या वर्गातला विश्राम, अमळनेरच्या पलीकडचा, तसाच तासाला परतला. म्हटलं, भूक? "पानी पिधं, चालस."
काही नाही, खानावळ झालीच पाहिजे.

शनि. ७
नानांच्या पार्सलच्या हातगाडीचं टेबल केलं, फलाटावरच चिठ्ठ्या! हमाल हसत होते. हसोत. डबे काखेत धरून पोरांनी भराभर लिहिलं, नुसतं खानावळ. वि. डबा घेऊन केव्हाच पसार, त्याची राहिली.
प्रो. सा. खूश होतील वाटलं होतं. कसचं काय!
"परवा पोट भरलेल्यांना विचारलंत, आज भुकेल्यांना. शितावरून भाताची परीक्षा खरी, पण शीत सगळ्या पातेल्यातलं हवं."
आता हजेरीपटावरचं दर पाचवं नाव. ज्याचं येईल त्याला गाठायचं, बदली चालणार नाही. फुगून घरी आले. पण माणूस बरोबर बोलतो, त्याचाच राग.

गुरु. १२
आठवडाभर नुसती शिकार. मजा! एक तापाने घरी, भुसावळला. नानांबरोबर गेले. त्याच्या आईने शेवभाजी खाऊ घातली आणि चिठ्ठी राहिलीच, गाडीत बसल्यावर आठवलं, पुन्हा उतरलो. एकजण म्हणाला, मला आजवर कुणी काही विचारलंच नाही, आणि कोरी चिठ्ठीच खिशात ठेवायला मागू लागला. तिसरा गणपत, धुळ्याकडचा. त्याला डबा येतच नाही, चुरमुऱ्यावर दिवस काढतो. एका वर्गात बसतो आम्ही, मला पत्ता नाही. लाज वाटली. त्याने 'खानावळ' इतकं मोठं लिहिलं की रेघेबाहेर गेलं.
आणि पाचव्यात विश्रामचं नाव आलं! टाळीच वाजवणार होते.

शनि. १४
विश्रामने लिहिलं, टेनिस.
मी म्हटलं, अरे, थट्टा करतोस काय? रॅकेट कधी हातात धरलीस?
"नई. पन खानावळ उघडनी ते बाप म्हनी, आते डबा कसाले? मायले लिखता येस नई, अक्का. भाकर जाडजूड उनी का माले समजस, आज काकूनी करी, मायले बरं नई."
म्हणजे डबा हेच त्याच्या आईचं पत्र! त्याच्यासाठी एवढी भांडत होते आणि त्यालाच विचारलं नव्हतं.
चिठ्ठी गठ्ठ्यात ठेवली. बाजूला काढावी असं एकदा मनात...
नाही काढली.

सोम. १६
कमिटीची सभा. आत बोलावलं! कॉलेजात कमिटीपुढे उभी राहिलेली पहिली मुलगी मीच. मजा वाटत होती. पाचव्या नावांतले सगळेच्या सगळे मिळाले, एकही सुटला नाही, हे सांगताना आवाज चढलाच. प्रो. सा. मिशीत हसले. कौल खानावळीकडे, पण थोडासाच. वि. चं कारण चिठ्ठीमागे लिहून घेतलं होतं, ते प्रिन्सिपॉलसाहेबांनी दोनदा वाचलं. शेठजींनी विचारलं, "तुमचं स्वतःचं मत काय, बाई?"
"माझं नाव पाचवं आलं नाही."
सगळे हसले. मीही. पण खरं सांगायचं तर माझं मत काय ते मलाच आता ठाऊक नाही.
ठरलं काहीच नाही. सभा पुढे ढकलली.
बाहेर दोघे उभे. विश्राम म्हणाला, "काय ठरनं, अक्का?" म्हटलं, अजून काही नाही. गडी केवढा खुलला! "मंग सकायना डबा ई!" उद्याचा डबा येणार म्हणून खूश, आणि पळाला स्टेशनकडे. मलाही हसू आवरेना.
गणपत तिथेच. म्हणाला, "पुढली सभा कव्हय शे?"