रुखवतातली पान्यांची पेटी

अण्णा, माझ्या गाडीचा सायलेन्सर तुटला आणि त्या निमित्ताने तुमच्यावरचा जुना राग पुन्हा वर आला. तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत तुम्हाला कधी लिहिलं नाही, आणि लिहायला बसेन तेव्हा विषय सायलेन्सरचा असेल असं तर मुळीच वाटलं नव्हतं. मी परभणीत राहतो, रोज झरीच्या शाळेत शिकवायला जातो, स्वतःच्या चारचाकी गाडीने. गेल्या आठवड्यात झरीच्या अलीकडच्या गतिरोधकावर खालून खाड्कन आवाज आला आणि गाडी जी बोंबलायला लागली ती थांबेचना. शाळेच्या फाटकातून आत शिरलो तेव्हा सातवीचा अख्खा वर्ग खिडकीला लागला होता. सुट्टीत रस्त्यावरच्या मेकॅनिकला दाखवलं. तो वाकून बघून म्हणाला, "पाइप सडलाय सर. उद्या सोडून जा, संध्याकाळपर्यंत बदलून देतो." मी स्वतःच खाली डोकं घालायला लागलो तसा हसला, "तुमी कशाला खाली घुसायलात? कपडे खराब होतेत." गाडी द्यायची, पैसे द्यायचे, मोकळं व्हायचं, एवढंच होतं. पण मी म्हणालो, "राहू द्या, मी बघतो घरी." का म्हणालो ते दुसऱ्या कुणाला कळणार नाही, तुम्हाला कळेल.

पूर्णेचं आपलं रेल्वेचं क्वार्टर. रविवार. तुम्ही आठवडाभर शेडमध्ये फिटरचं काम करून आलेले, तरी लिलावात घेतलेल्या त्या जुन्या जीपखाली आडवे झालेले आहात. बाहेर फक्त पाय दिसतात. अक्का, माझ्याहून चार-पाच वर्षांनीच मोठी, मागे उकिडवी बसून धुराच्या नळीवर ओलं फडकं दाबून धरते. इंजिन चालू आहे. नळीचं तोंड बंद झालं की धूर दुसरी वाट शोधतो, आणि पाइपाला जिथं भोक असेल तिथून सूं करून बाहेर पडतो, हे तुमचं तंत्र. तुम्ही कान लावून ऐकता, खालूनच ओरडता, "सोड. आता धर. अजून जोरात धर की." अक्का हसते. तिला तुमच्या आवाजावरूनच कळतं की भोक सापडलं. मी व्हरांड्यात काळ-काम-वेगाची गणितं सोडवत बसलेला असतो आणि माझं सगळं लक्ष तुमच्या दोघांकडे. तुमच्या त्या रविवारच्या गप्पा मला कधी नीट ऐकू आल्या नाहीत. काय बोलत होता तुम्ही एवढं? घरात तर तुम्ही जेवताना मीठ मागायलासुद्धा तोंड उघडत नव्हता.

एकदा मी वही टाकून आलोच. अकरा वर्षांचा असेन. जीप नुकतीच बंद केलेली, आणि मी मदत करायच्या घाईत सरळ तापलेल्या सायलेन्सरलाच हात घातला. तळहातावर टरारून फोड आला. तुम्ही माझा हात धरून नेलात, रांजणातलं पाणी ओतलंत, आणि वर बघून म्हणालात, "हे तुझं काम न्हाई. तू पुस्तक घेऊन बस तिकडं." आवाज चढवला नव्हता, म्हणून तर ते जास्त लागलं. अक्काच्या मनगटावर तसाच एक डाग होता, जुना. तिला भाजलं तेव्हा तुम्ही काय म्हणाला होतात तेही मला पाठ आहे. "एवढ्यानं काय होत न्हाई. धर पाना." मी फोडाच्या दुखण्यानं नाही रडलो त्या दिवशी. त्या दोन वाक्यांतला फरक मला अकराव्या वर्षीच कळला होता.

मग अक्काचं लग्न. वालूरला शेतकऱ्याच्या घरी दिली. रुखवत मांडलं होतं, कुरडया, पापड, शेवया, स्टीलची भांडी, आईनं विणलेले रुमाल, आणि त्या सगळ्याच्या शेवटी तुमची पान्यांची लोखंडी पेटी, हळदीकुंकू लावून. बायका तोंडाला पदर लावून हसल्या. अक्काच्या सासऱ्यांनी पेटी उघडली, एक रिंग पाना हातात घेऊन फिरवला आणि म्हणाले, "हे जावईबापूसाठी दिलं म्हणा की." तुम्ही म्हणालात, "न्हाई. तिचंच हाय." मी पंगतीत वाढत होतो. हातातलं वरणाचं भांडं तसंच धरून उभा राहिलो. आईचे दागिने अक्काला गेले त्याचं मला काही वाटलं नव्हतं, ती तर रीतच. पण पेटी. पुढं मला नोकरी लागली तेव्हा तुम्ही मलाही भेट दिलीत, चामड्याचं पाकीट. "आता तू पैसे देऊन करून घे बाबा सगळं. तुला कशाला पायजे हातघाण?" तुम्ही खूश होतात. मी पाया पडलो, पाकीट खिशात घातलं, आणि माझ्या पोटात दुखायला लागलं ते आजपर्यंत थांबलेलं नाही.

तर मी सायलेन्सर स्वतः करायला घेतला. बायको म्हणाली, "अहो, मेकॅनिक आहेत ना जगात." मी ऐकलं नाही. पाण्याच्या टाकीचा नळ गळतो तेव्हा आपण तो घट्ट होणारा मसाला मळून लावतो ना, तोच मी पाइपाच्या भेगेवर थापला, वरून तेलाच्या डब्याचा पत्रा गुंडाळला, तारेनं आवळला. शर्ट काळा, केसांत गंज, आणि मी असा फुशारलेला की शेजाऱ्याला बोलावून दाखवलं. दुसऱ्या दिवशी झरीला पोहोचायच्या आत गाडीत असला वास सुटला की डोळ्यांतून पाणी. मसाला तापून जळत होता. भर बाजारात पत्रा सुटला आणि तारेला लटकून फरफटत आला. तो मेकॅनिक दुकानातून बघत होता. तो हसला नाही, यानंच मला जास्त लाज वाटली.

रविवारी तशीच बोंबलत गाडी वालूरला नेली. अक्का आवाज ऐकूनच बाहेर आली. पन्नाशी उलटलीय तिची, गुडघे धरतात. दाजी म्हणाले, "ट्रॅक्टर आला वाटलं." अक्कानं दोन चाकं बांधावर चढवून घेतली, खाली वाकली, आणि हसत सुटली. "अरे, हे नळाला लावतेत. सायलेन्सरला कुणी लावतंय का? मास्तर हायस का कोण?" मग तिनं माझ्याकडून चावी मागून कमरेला खोचली, खाली जाणाऱ्याच्या अंगावर चावी पाहिजे, हा तुमचा नियम. मग विचारलं, "बॅटरीची वायर काढलास का? वेल्डिंग करायचंय." तुमचा स्वर, अण्णा. तोच, शब्दांमध्ये तेवढाच थांबणारा. मला वाटत होतं तुमच्याकडून तिला फक्त पेटी मिळाली.

तिनं शेतीच्या अवजारांसाठी घेतलेलं वेल्डिंगचं मशीन बाहेर काढलं, सडका तुकडा कापला, दुसऱ्या पाइपाचा बसवला, थेंब थेंब वेल्डिंग केलं. "पत्रा पातळ हाय, जास्त धरलं की भोक पडतंय," असं स्वतःशीच बोलत होती. शेवटी वायर जोडून इंजिन चालू केलं आणि मला म्हणाली, "फडकं भिजीव आन धर मागं." मी सत्तेचाळीस वर्षांचा माणूस मातीत उकिडवा बसलो आणि धुराची नळी दाबून धरली. तेव्हा तोंडातून निघून गेलं, "मला अण्णांनी एक दिवस तरी हे धरू दिलं असतं." ती गाडीखाली कान लावून होती. तिथूनच म्हणाली, "आन मला एक दिवस तरी अभ्यासाला बस म्हणले असते. बारावीला पास झाल्ते मी. कुणी इचारलं का पुढं काय? तू व्हरांड्यात बसायचास, मला वाटायचं ह्याचं बरंय." मग लगेच, "सोड. आवाज न्हाई आता." मी तिला धीराचं काहीतरी बोलायला हवं होतं. खरं सांगतो, माझ्या मनात आधी काय आलं? की तक्रारसुद्धा हिचीच मोठी निघाली. माझं रडगाणं पस्तीस वर्षांचं, आणि तिच्या चार वाक्यांपुढं ते टिकेना. त्याचाही मला हेवा वाटला. तिनं हात धुतले, भाकरी वाढली, जाताना डिकीत तुरीची डाळ टाकली. मी तिला नुसतं "येतो" म्हणालो.

सोमवारी गाडी अगदी गप्प होती. शिक्षकांच्या खोलीत आमच्या इंग्रजीच्या सरांनी विचारलं, "कुठं केलं काम? बेस्ट झालंय." मी म्हणालो, "घरीच केलं. वडील फिटर होते, त्यांनी शिकवलं होतं." किती सहज निघालं तोंडातून. वडिलांनी शिकवलं होतं. म्हणताना ऊर भरून आला, अण्णा, खोटं सांगत नाही. आणि सांगत होतो ते सगळं खोटंच. दुपारभर मला दोघातिघांनी गाडीचं काहीबाही विचारलं आणि मी उत्तरं दिली, अक्काचीच वाक्यं, जशीच्या तशी.

हे पत्र कुणाला दाखवायचं नाही, बायकोलाही नाही. आता त्या सरांनी येत्या रविवारी त्यांची गाडी बघायला मला घरी बोलावलंय आणि मी हो म्हणून बसलोय. अक्काला फोन लावला तर ती येईल, मुकाट्यानं येईल, पण मग त्यांच्या अंगणात गाडीखाली कोण जाणार ते सगळ्यांना दिसेल. तिला अजून फोन केलेला नाही. आणि करणार नाही, असं वाटतं.