लवंगीचे आतले बूट

ती. वहिनीस सप्रेम नमस्कार.

इकडे सगळे सुखरूप आहेत, निदान हे वाक्य लिहीपर्यंत तरी होते. तुझा नर्सिंगचा कोर्स कसा चाललाय? वसतिगृहातल्या खाटेनं तुझी पाठ धरली होती, ती सोडली का? हे फोनवरही विचारता आलं असतं, पण मी फोनवर बोलायला लागले की आई मागे उभी राहून माझ्या वाक्यांना दुरुस्त्या सुचवते. म्हणून पत्र.

मागच्या वेळी तू म्हणालीस, "लवंगीच्या शाळेचा जरा जरी घोळ झाला, तर मी कोर्स सोडून परत येईन." तू शिकायला जावंस म्हणून घरात सगळ्यांत लांब भाषणं मी ठोकली होती, तेव्हा तुझ्या लेकीला शाळेत रुळवण्याची जबाबदारी माझ्यावर येणं न्यायाचंच आहे. तर घोळ झालेला नाही. फक्त बूट घेतले.

शाळेनं कळवलं की खेळाचा तास लाकडी फरशीच्या हॉलमध्ये होईल, त्यासाठी वेगळे बूट हवेत, सोलचे डाग पडता कामा नयेत आणि मुलांना ते स्वतःचे स्वतः घालता आले पाहिजेत. बाबा म्हणाले, "बॅरिस्टरला पाठवा." (घरात पहिली पदवी मिळवल्याचा हा दंड आहे. मी इतिहास घेतला होता, पण बल्ब गेला तरी मलाच बोलावतात.) मी ठरवलं, बूट जिचे, निर्णय तिचा. मुलांना लहानपणापासून निवड करायला शिकवलं पाहिजे, यावर माझा विश्वास होता. होता म्हणजे आहे.

दुकानात लवंगीनं एका मिनिटात निवड केली. टाच आपटली की लाल दिवे लागतात, तो जोड. मी तो हातात घेतला. उचलायलाच जड, सोल काळा आणि वाकता वाकेना. मग मी तिला समजावलं की निर्णय तुझाच, पण तो विचार करून घ्यायचा. तिनं डोळे मिटून विचार केला आणि दिवेवाले निवडले. मी पुन्हा समजावलं. तिनं पुन्हा विचार केला. आमची लोकशाही अशी बराच वेळ, म्हणजे मला हवा तो निकाल येईपर्यंत चालली. शेवटी लवंगी दमून म्हणाली, "आत्या, तुला कुठले आवडलेत ते सांग ना, मी तेच निवडते." अशा रीतीनं तिनं निळे, हलके, पांढऱ्या सोलचे, वेल्क्रोची पट्टी असलेले बूट स्वखुशीनं निवडले.

आता नंबर. सोबत आलेल्या आईचं म्हणणं, एक नंबर मोठा घ्या, पुढे कापूस कोंबू. मी म्हटलं, खेळताना पाय मुरगळेल. त्यावर आई दुकानदाराला म्हणाली, "हिचं सगळं शिक्षण मोठ्या बुटांत झालंय. पळता येत नव्हतं, म्हणून बसून अभ्यास केला. पदवी काय उगीच मिळाली?" दुकानदार माझ्याकडे आदरानं बघू लागला. मी मात्र हटले नाही. उभं राहिल्यावर बोटांपुढे जेमतेम अंगठ्याएवढी जागा राहते, असाच जोड घेतला.

घरी येऊन मी लवंगीला नियम सांगितला. या बुटांनी रस्त्यावर पाऊल टाकायचं नाही, हे फक्त आत घालायचे. वहिनी, ज्या घरात बाबांनासुद्धा उंबऱ्याबाहेर चपला काढल्याशिवाय पाणी मिळत नाही, तिथे हे वाक्य बोलणं म्हणजे काय, ते माझ्या तेव्हा लक्षात आलं नाही. लवंगीनं लगेच बूट चढवले आणि थेट स्वयंपाकघरात गेली. आई किंचाळली. लवंगी शांतपणे म्हणाली, "आजी, हे आतले आहेत." तेव्हापासून ती जेवताना बूट घालते आणि दाराबाहेर पडताना काढते. आई माझ्याशी दोन दिवस फक्त लवंगीमार्फत बोलली. "तुझ्या आत्याला सांग, पोळ्या झाल्यात."

पण शाळेत याचा फायदाच झाला. इतका सराव झालेला, की हॉलच्या दारात सगळ्यांत आधी हिचे बूट चढले. मग डाव्या-उजव्याचा गोंधळ झालेल्या पोरांना ही बाई मदत करत फिरली. रडली अजिबात नाही.

राहिली बस. संध्याकाळी आम्ही दादाच्याच बसनं परततो. बसला छप्पर आहे, म्हणजे ती "आत" आहे, असं लवंगीनं ठरवलं आणि पायरीवर बसून बूट बदलायला घेतले. मागे रांग. दादा चालकाच्या जागेवरून काही बोलू शकेना. आपलेच दात, आपलेच ओठ. एका आजोबांना वाटलं नवा नियम निघाला. त्यांनी चपला काढून हातात घेतल्या, आणि त्यांच्या मागच्या दोघांनीही. दादा म्हणतो, एवढी स्वच्छ बस त्यानं नोकरीत पाहिली नाही, आणि एवढी उशिरा सुटलेलीही. बस रस्त्यावर फिरते म्हणून ती "आत" नाही, "बाहेर"च समजायची, असं आता लवंगीला पटवलंय. एका बैठकीत पटलं नाही, एवढंच.

तर काळजी नसावी. सगळ्यांचा तुला नमस्कार, लवंगीचा पापा.

तुझी,
नणंद (बॅरिस्टर)

ता. क. परत येऊ नकोस. पहिल्या दिवशी शाळेच्या फाटकाशी कोणी रडलं असं दादानं तुला सांगितलं असेल, तर ती मी होते. त्यात लवंगीचा दोष नाही; तिनं मला स्वतःचा रुमाल दिला.

ता. क. २. खरं काम हे. काल दुपारी अचानक घरी आले तर आई शिलाई मशीनवर बसलेली, आणि पायांत लवंगीचे बूट. म्हणजे पुढची बोटंच आत, बाकी आई बाहेर. मला बघून म्हणाली, "वजन बघत होते." गार फरशीवर उभं राहून कापड बेतताना तिच्या टाचा ठणकतात, हे इतक्या वर्षांत तिनं एकदाही सांगितलं नाही, आणि आम्हीही विचारलं नाही. तिच्या पावलाचा नंबर घरात कुणालाच ठाऊक नाही. ती झोपलेली असताना वर्तमानपत्रावर पाऊल आखलंय, तो कागद सोबत आहे. तिकडच्या बाजारातून घरात घालायला हलका जोड आण. तू आणलास तर ती घालेल. मी आणला तर भाषण समजेल.

ता. क. ३. आई जागीच होती. म्हणते, आणणारच असाल तर एक नंबर मोठा आणा. आणि ते लाल दिवेवाले मोठ्यांत मिळतात का, तेवढं विचारायला सांगितलंय.