बाळाला हात लावण्याआधी

लुब्लिन, ३ ऑक्टोबर

ज्वेब्या, भावा,

तू बरा असशील, तामूना आणि बाळ सुखरूप असतील. नार्गिझामावशीने पाठवलेल्या, द्राक्षरसात बुडवून सुकवलेल्या अक्रोडाच्या माळा पोचल्या. आमचा पोलिश गोलकीपर एक हातात घेऊन विचारतो, "मेणबत्ती आहे का रे ही?" म्हटलं, गाढवा, आण इकडे!

बाप्तिस्म्याला बाळाचा धर्मपिता मीच व्हायचं, असं तू फोनवर सांगितलंस आणि मी 'रेंज जातेय' म्हणून फोन ठेवला. रेंज चांगली होती. तोंडाने सांगायची हिंमत नाही, म्हणून हे पत्र.

इथे माझं नाव आहे. अकरा वर्षांत एक रेड कार्ड नाही. पेपरवाले लिहितात, सभ्य बचावपटू. सभ्य कसला डोंबलाचा! समोरून पाय आला की मला तो आवाज ऐकू येतो, सुकी काटकी मोडल्यासारखा, आणि माझा पाय आपोआप मागे येतो. परवा त्यामुळेच गोल बसला. कोच ओरडले, "भूत बघितलंस का?" बघितलंच होतं. अंगावर येणारा तो पोरगा तुझ्यासारखा धावत होता, तेव्हाच्या तुझ्यासारखा.

आपल्या गावचं, ओझुर्गेतीचं मैदान आठव. परदेशी क्लबची माणसं कठड्याला टेकून उभी होती. न्यायचा होता एकच जण, आणि ते तुझंच नाव विचारत होते. माझा पाय लागून तुझा पाय मोडल्यावर दवाखान्यात तूच मावशीला म्हणालास, "बोंदोला काही बोलू नकोस, चिखलात घसरला तो." गावाने अकरा वर्षं तेच मानलं. तू लंगडत पावाच्या भट्टीपाशी उभा राहतोस, आणि मी तुझ्या जागेवर खेळतो.

ज्वेब्या, मी घसरलो नव्हतो. बचावपटूने चेंडूकडे बघायचं असतं. मी तुझ्या नडगीकडे बघत होतो.

हे पोटात ठेवून तुझं लेकरू कसं उचलू? पाद्री तीनतीनदा विचारणार, सैतानाला सोडलंस का, आणि बाळाच्या वतीने 'सोडलं' असं मी म्हणायचं. जीभ झडेल रे माझी.

२५ तारखेला दुपारी कुताइसीच्या विमानतळावर उतरतो. तू न्यायला आलास तर बाळाला हात लावीन. नाही आलास तर तिथूनच परत फिरेन. गावाने विचारलं, तर खरं ते सांग. या वेळी माझी बाजू घेऊ नकोस.

तुझा (खोडावंसं वाटलं तर हा शब्द खोड),
बोंदो