हेलिकॉप्टरची दृष्ट

वास्लुई, २ फेब्रुवारी

चि. इलारिए यास आईचे अनेक उत्तम आशीर्वाद.

फोनवर तू सगळं ठीक आहे एवढंच म्हणतोस, म्हणून पत्र लिहिते. पत्रात खोटं लिहिलं की अक्षर तिरकं जातं. तुझं आधीच तिरकं आहे, तेव्हा जपून लिही.

पार्सलात पावाला लावायचा वांग्याचा झाकुस्का, अक्रोडाचा गोड पाव म्हणजे तुझा कोझोनाक आणि बारा लाल रिबिनी आहेत. रिबिनी शेजारच्या साफ्ताबाईंकडून मंतरून आणल्यात. शांतिसेनेसोबत परक्या मुलखात चार हेलिकॉप्टरं घेऊन गेलात, लोकांची दृष्ट लागणारच. प्रत्येकाच्या नाकाशी बांध. लिविऊच्या यंत्राला आधी. साखरपुड्याला तो माझ्या रिबिनीला हसला होता, ते मी विसरले नाही. कॅप्टन असेल तो त्याच्या घरचा! पण तुझ्या बहिणीचा, सांदाचा जीव त्याच्यात अडकलाय, आणि सप्टेंबरात तो माझा जावई व्हायचा आहे.

पंख्याखाली झोपू नकोस, मान धरेल.

तुझ्या काळजीने अर्धी झालेली,
आई

तळावरून, २४ फेब्रुवारी

ती. आईस शि. सा. न. वि. वि.

कोझोनाक पोचला. चाळीस जणांत वाटून मला कडेचा तुकडा मिळाला. आफ्रिकेतलं ऊन असं की पाना हातात धरवत नाही. आम्ही मेकॅनिक सगळी कामं पहाटेच उरकतो.

रिबिनी बांधल्या. आता आमची पद्धत ऐक. यंत्र उभं असताना त्याच्या नळ्यांना टोप्या घालतो, धूळ आणि गांधीलमाश्या शिरू नयेत म्हणून. प्रत्येक टोपीला लाल पट्टी लोंबते. उडायच्या आधी माझा जोडीदार मेकॅनिक पाम्फिल टोप्या काढतो आणि शेवटची फेरी मी मारतो. कुठेही लाल दिसता कामा नये. म्हणून पाम्फिल कुरकुरला, की लालात लाल मिसळू नका. मी त्याला म्हटलं, माझ्या आईची रिबीन मला ओळखू येणार नाही होय? लिविऊ हसला, पण काढली नाही. सासूबाईंच्या वस्तूला हात लावायची आपली छाती नाही, म्हणाला.

मान शाबूत आहे. लोभ आहेच, झाकुस्काही येऊ दे.

तुझा,
इलारिए

तळावरून, १२ मार्च

ती. आईस शि. सा. न. वि. वि.

हे सांदाला सांगू नकोस. मंगळवारी दूरच्या चौकीवर एक शिपाई पोट धरून लोळत होता, त्याला आणायचं होतं. समोरून धुळीचं वादळ येत होतं. घाईत मी फेरी मारली. लिविऊच्या यंत्राच्या नाकाशी लाल दिसलं. आईची रिबीन, असं मनात म्हटलं आणि पुढे गेलो.

ती वेग मोजणाऱ्या नळीची टोपी होती गं. वर गेल्यावर काटा शून्यावरून हलेना, धुळीत जमीन दिसेना. लिविऊने नुसत्या अंदाजाने यंत्र परत आणलं आणि असं आपटलं की त्याच्या कपाळाला टेंगूळ आलं. शिपायाला दुसऱ्या यंत्राने आणलं. सगळे वाचले.

आणि मी खोटं बोललो. धुळीत काही दिसलं नाही, असं सांगितलं. सगळ्यांनी मानलं. आता बोल पाम्फिलला लागतोय; पुढच्या महिन्यात त्याला घरी धाडतील म्हणतात. इथे चुका लिहून टाकायची एक पेटी आहे. स्वतःच्या नावाने लिहिलं तर शिक्षा नाही, असा नियम. शेजारच्या डच लोकांची पेटी दर महिन्याला भरते. आमच्या पेटीत मागच्या खेपेला सूप खारट असल्याची निनावी तक्रार निघाली. आपल्याकडे खरं बोलणाऱ्याला काय बक्षीस मिळतं, तुला ठाऊक आहे. पेटी एकतीसला उघडतील. काय करू?

तुझा,
इलारिए

वास्लुई, २० मार्च

चि. इलारिए यास आशीर्वाद.

सांदाला सांगितलं नाही. फक्त तिच्या धर्ममातेला सांगितलं, म्हणजे सांदाला कळलंच. ती आधी रडली आणि मग तुम्हा दोघांचाही उद्धार केला.

लिहून टाक. पाम्फिलच्या माथी मारून घरी आलास तर जेवायला वाढीन, पण तोंड बघणार नाही. रिबीन पाठवली म्हणजे तू बघायचं सोडून दे, असं मी कुठे म्हटलं होतं, गाढवा?

तुमच्या कमांडरसाहेबांना मी वेगळं पत्र टाकलंय. रिबिनी माझ्या, हट्ट माझा. शिक्षा करायची तर मला करा. फक्त माझे गुडघे दुखतात, तेव्हा न्यायला गाडी पाठवा, असं कळवलंय.

भीती वाटेल. वाटू दे, पण लिही.

तुझीच,
आई

तळावरून, ३ एप्रिल

ती. आईस शि. सा. न. वि. वि.

चिठ्ठी दोन दिवस खिशात घेऊन फिरलो, एकतीसला सकाळी टाकली. कमांडरांनी सगळ्यांसमोर पेटी उघडली आणि माझी चिठ्ठी मलाच वाचायला लावली. लाल दिसलं होतं, नंतर खोटं बोललो, सगळं वाचलं. पाम्फिल उठून बाहेर गेला. थोड्या वेळाने आला आणि माझ्या शेजारी बसला.

मला घरी पाठवत नाहीत. मात्र येणाऱ्या प्रत्येक नव्या तुकडीला ही गोष्ट मीच सांगायची. तुझं पत्रही वाचलं गेलं. गुडघ्यांपाशी लोक खूप हसले. रिबिनी सगळ्या उतरवल्या. आता प्रत्येक नळीला हात लावून बघायचं, नुसत्या डोळ्यांवर जायचं नाही.

पण पेटीच्या तळाशी आणखी एक चिठ्ठी होती. लिविऊची, त्याच मंगळवारची. कपाळाच्या टेंगळावर धरलेल्या बर्फाच्या पाण्याने शाई फुटलेली. त्याने लिहिलं होतं, की इंजिन सुरू करण्यापूर्वी फेरी मारणं माझंही काम, मारली, नाकाशी लाल दिसलं, सासूबाईंचं असेल, उगाच घरात भांडण नको, म्हणून मी तिकडे बघितलंच नाही. चूक माझी. पाम्फिलला त्याने त्याच दिवशी सांगून ठेवलं होतं, पेटी उघडेपर्यंत धीर धर. तीन आठवडे आम्ही एका टेबलावर जेवत होतो आई, आणि मी त्याच्यापासून लपत होतो.

तुझा,
इलारिए

वास्लुई, ११ एप्रिल

चि. लिविऊ यास आईचे अनेक उत्तम आशीर्वाद.

तुला हे माझं पहिलंच पत्र. इलारिएने सगळं कळवलं. मला भिऊन तू मरायला निघाला होतास, हे वाचून मी दिवसभर चूल पेटवली नाही.

यापुढे माझी कुठलीही वस्तू तुझ्या वाटेत आली तर हात लाव, उपटून फेक, आणि वर हसही. मी ओरडेन. ओरडू दे. ओरडून घ्यायला तू घरी यायला हवास.

तुझी,
आई