गाडीवरचं कव्हर

मंगळवार, संध्याकाळ

दलाल आज मानकोलीच्या गोदामात माझी विकायला काढलेली सुपरकार बघून गेला. कव्हर काढून इंजिन चालू केलं. काय आवाज, पोटात घुमतो. फाटकाबाहेर जाऊन तो फोनवर हळूच म्हणाला, "नयी जैसी है, सेठ ने चलायी ही नहीं." माझे कान तिखट, ऐकलंच. म्हणजे भाव चांगला येणार. मग मनाला बरं का वाटत नाही?

लांबच्या प्रवासाला आरामाची, डिकीत दोन बॅगा मावतात, म्हणून तर हीच घेतली. अन् भाव पडेल म्हणून कव्हरखाली ठेवली. बायको म्हणते, "तुमची गाडी दसऱ्याला लिंबू चिरडायला बाहेर येते, अन् मी माहेरी अंजूरला रिक्षानंच."

नयी जैसी. कुणासाठी नवी ठेवली मी?

बायकोला बॅग भरायला सांगितलंय. सकाळी दलाल बयाण्याचे पैसे घेऊन येईल, तेव्हा त्याला नुसतं कव्हर दिसेल. आम्ही नाशिकच्या पुढे असू.